फ्लाय ॲश आणि स्लॅगचे काँक्रीट: गोणी निवडण्यापासून टेकू काढण्यापर्यंत

पीपीसीने, म्हणजे फ्लाय ॲश मिसळलेल्या सिमेंटने, टाकलेला स्लॅब पहिल्याच पावसाळ्यात झिरपला, किंवा वरच्या थराची भुकटी निघू लागली, की खापर सिमेंटवर फुटते. ‘राखेचे सिमेंट, त्यात दम नाही’ असे मिस्त्री सांगतो आणि पुढच्या मजल्याला ओपीसीची, म्हणजे राख नसलेल्या साध्या सिमेंटची, गाडी येते. बहुतेक वेळा झालेले असते ते वेगळेच. सिमेंट पीपीसी आणि वेळापत्रक ओपीसीचे: पाणी पाच दिवस आणि सातव्या दिवशी टेकू खाली.

सिमेंट आणि पाणी यांची क्रिया होताना चुना सुटा होतो. फ्लाय ॲश, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख, या चुन्याशी आणि पाण्याशी सावकाश जोडली जाते आणि तिचे बंधक तयार होते. हे काम दिवसांत उरकत नाही, आठवडे चालते. मधेच काँक्रीट वाळले तर उरलेली राख राखच राहते, म्हणजे तुम्ही सिमेंट कमी घातले आणि जागा राखेने भरली, एवढाच हिशेब उरतो. स्लॅगला (पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतल्या मळीला) स्वतःचा थोडा दम असतो, पण त्यालाही सुरुवातीचे दिवस आणि पाणी लागतेच.

हे सांभाळले तर मिळणारी बचत खरी आहे. एक टन क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होणारा भट्टीतला भाजलेला माल, बनवताना साधारण ०.८ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यातला बराचसा भाग भट्टीच्या इंधनातून येत नाही, चुनखडी फुटताना निघतो. त्यामुळे भट्टी कितीही सुधारली तरी तो राहतो आणि कमी करायचा तर क्लिंकरच कमी वापरावे लागते. १,००० चौरस फुटांचा, १२५ मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे साधारण ११.६ घनमीटर काँक्रीट. त्यात ३० टक्के सिमेंटच्या जागी फ्लाय ॲश घातली तर जवळपास २४ गोण्या ओपीसी वाचते आणि एक टनाच्या आसपास उत्सर्जन टळते.

खालचा क्रम एक-दोन मजली घराच्या कामासाठी आहे. लोखंड आणि जाडी ठरवणे इंजिनिअरचे काम, त्यात इथे शिरत नाही.

## टप्पा १: बाइंडर ठरवा आणि एकदाच ठरवा

बाइंडर म्हणजे खडी-वाळू बांधून ठेवणारी भुकटी: सिमेंट, किंवा सिमेंट आणि राख-स्लॅग मिळून. बाजारात मिळणारे पर्याय असे:

- पीपीसी (आयएस, म्हणजे भारतीय मानक, १४८९ भाग १): कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश मिसळलेले. गोणीवर ‘फ्लाय ॲश बेस्ड’ असे छापलेले असते. घरकामासाठी सर्वांत सोपा पर्याय.
- पोर्टलँड स्लॅग सिमेंट, म्हणजे पीएससी (आयएस ४५५): यात पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीतला स्लॅग २५ ते ७० टक्के असतो. कोकण आणि गोव्याच्या किनारी भागात, जिथे खारी हवा सळईपर्यंत पोचते, तिथे आमची पहिली पसंती यालाच.
- कंपोझिट सिमेंट (आयएस १६४१५): फ्लाय ॲश आणि स्लॅग दोन्ही. क्लिंकर बरेच कमी असू शकते, म्हणून पाण्याची शिस्तही कडक लागते.
- भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी असलेले सिमेंट, म्हणजे एलसी३ (आयएस १८१८९, २०२३ चे मानक): क्लिंकर साधारण निम्मे. माल घट्टसर, चिकट होतो आणि पाणी कमी करणारे द्रव्य जास्त लागते. तुमच्या भागात मिळाले तर गोणीवर हा क्रमांक बघूनच घ्या.
- ओपीसी आणि सुटी फ्लाय ॲश किंवा जीजीबीएस (बारीक दळलेला स्लॅग): प्रमाण तुमच्या हातात राहते, पण साइटवर वजनकाटा हवाच.

आमचा नियम साधा आहे. साइटवर रोज वजनाने माल मोजला जाणार नसेल तर सुटी राख आणूच नका, कारखान्यात मिसळलेले सिमेंट घ्या. घमेल्याने मोजलेली फ्लाय ॲश म्हणजे अंदाज. दाबून भरलेल्या आणि मोकळ्या भरलेल्या घमेल्यात सहज २० टक्क्यांचा फरक पडतो.

सोडियम हायड्रॉक्साइड वापरून बनणारे जिओपॉलिमर काँक्रीट घराच्या साइटवर करून पाहू नका. ते द्रावण कातडी आणि डोळे जाळते, आणि प्रमाण थोडे चुकले तर माल मिक्सरमध्येच बसतो. फॅक्टरीत बनलेले पेव्हर ब्लॉक घेणे ही वेगळी गोष्ट.

सावधान. पीपीसीमध्ये पुन्हा फ्लाय ॲश घालू नका. हीच चूक सर्वांत जास्त होते. पीपीसीत आधीच ३० टक्के राख असेल आणि तुम्ही त्यातले आणखी ३० टक्के काढून राख घातली, तर मूळ सिमेंट ०.७ × ०.७ म्हणजे ४९ टक्के उरते. राख झाली ५१ टक्के. असा स्लॅब सातव्या दिवशी टेकूवरून उतरवला तर काय होईल हे सांगायला नको. सुटी फ्लाय ॲश फक्त ओपीसीबरोबर.

## टप्पा २: माल हातात घेऊन तपासा

गोणी. आयएस क्रमांक, उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष वाचा. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट चाचणीशिवाय वापरू नका. गोणीत हात घातला की थंड लागले पाहिजे आणि चिमटीत गुठळी राहता कामा नये. रंगावरून मात्र काही ठरवू नका. ‘काळसर म्हणजे कडक’ हा समज राखेच्या सिमेंटला तर मुळीच लागू होत नाही, कारण रंग राखेवरून येतो.

ताकदीचा आकडा. पीपीसी आणि पीएससीसाठी मानकाची किमान अट अशी आहे: ३ दिवसांना १६, ७ दिवसांना २२ आणि २८ दिवसांना ३३ न्यूटन प्रति चौरस मिमी. ५३ ग्रेड ओपीसीसाठी हेच आकडे २७, ३७ आणि ५३. पीपीसीचा ३३ हा किमान आकडा आहे, गोणीतले सिमेंट त्याहून वरचे असू शकते. विक्रेत्याकडून त्या आठवड्याचे चाचणी प्रमाणपत्र मागा. मिश्रण त्यावर ठरते.

सुटी फ्लाय ॲश. औष्णिक वीज केंद्रातून दोन प्रकारची राख बाहेर पडते, मग ते कोराडी असो, चंद्रपूर, परळी, एकलहरे किंवा भुसावळजवळचे दीपनगर. धुरातून पकडलेली, कोरडी, पिठासारखी राख काँक्रीटला चालते. पाण्याबरोबर वाहून राखेच्या तलावात साठवलेली, जाडसर, ओली राख चालत नाही. तलावातली राख विटांना आणि भरावाला जाते, आणि ‘विटांना चालते म्हणजे स्लॅबला चालेल’ या समजुतीने साइटवर पोचते. साखर कारखान्याच्या बॉयलरमधली चिपाडाची राख, वीटभट्टीची राख, तांदळाच्या तुसाची घरगुती राख, यांतली कोणतीही स्लॅबमध्ये घालू नका.

कागदावर बघायचे मानक आयएस ३८१२ भाग १. त्यात तीन आकडे शोधा: बारीकपणा किमान ३२० चौरस मीटर प्रति किलो, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर उरणारी राख जास्तीत जास्त ३४ टक्के, आणि जळून जाणारा भाग, म्हणजे मुख्यतः न जळलेला कोळसा, जास्तीत जास्त ५ टक्के.

साइटवर एक कच्ची पारख करता येते. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, दोन चमचे राख टाका, ढवळा आणि दहा मिनिटे ठेवा. वर पांढुरका-राखाडी पातळ थर तरंगला तर घाबरू नका, ते राखेतले पोकळ गोळे असतात. काळे ठिपके आणि काजळीसारखा तवंग दिसला तर कोळसा जास्त आहे. अशी राख पाणी आणि द्रव्य दोन्ही पिते. ती परत पाठवा. ही पारख फक्त नाकारण्यासाठी, स्वीकारायला प्रमाणपत्रच लागते.

साठवण. लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून दूर, दहा गोण्यांपेक्षा उंच थप्पी नको. ओपीसी आणि राखेच्या गोण्या वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवा आणि राखेच्या थप्पीवर ठळक रंगाने ‘राख’ लिहा. दोन्ही भुकटी राखाडीच असते, आणि संध्याकाळच्या घाईत बिगारी कोणती उचलेल ते सांगता येत नाही.

## टप्पा ३: मिश्रण कागदावर मांडा

पीपीसीने एम२० (२८ दिवसांना २० न्यूटन प्रति चौरस मिमी ताकदीचे काँक्रीट) करायचे असेल तर आयएस ४५६ च्या ठरलेल्या प्रमाणात एका गोणीला खडी आणि वाळू मिळून २५० किलोपर्यंत चालते. पाण्याच्या बाबतीत मात्र कंजूष राहा. गोणीला एकूण २५ लिटर, म्हणजे पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५०. या २५ लिटरमध्ये वाळूतला ओलावाही धरायचा आहे. माल जड वाटला तर पाणी वाढवू नका, पाणी कमी करणारे द्रव्य वापरा.

एम२५ आणि पुढे ठरीव प्रमाण चालत नाही, मिक्स डिझाइन, म्हणजे तुमच्या मालाच्या चाचण्यांवरून काढलेले प्रमाण, करून घ्यावे लागते. समुद्रकिनाऱ्यावरच्या उघड्या कामाला मानक किमान एम३० मागते. पाणी-बाइंडर गुणोत्तर ०.४५ च्या वर नको, बाइंडर घनमीटरला किमान ३२० किलो.

बेसाल्टची खडी आणि क्रश सँड वापरून ३० टक्के फ्लाय ॲशच्या एम२५ ची सुरुवात कशी दिसते ते पाहा. एक घनमीटरला:

- ५३ ग्रेड ओपीसी २४५ किलो
- फ्लाय ॲश १०५ किलो
- पाणी १५८ लिटर (गुणोत्तर ०.४५)
- क्रश सँड ६९७ किलो
- २० मिमी खडी ७७० किलो, १० मिमी खडी ५१३ किलो
- पाणी कमी करणारे द्रव्य बाइंडरच्या ०.८ टक्के, म्हणजे २.८ किलो

लहान मिक्सरसाठी याला ७ ने भागा. एका घाण्याला, म्हणजे मिक्सरच्या एका भरणीला, ओपीसी ३५ किलो, फ्लाय ॲश १५ किलो, पाणी २२.५ लिटर, क्रश सँड १०० किलो, २० मिमी ११० किलो, १० मिमी ७३ किलो, द्रव्य ४०० ग्रॅम. १०/७ च्या मिक्सरमध्ये हा घाणा आरामात फिरतो. पूर्ण गोणी ओपीसी आणि वर राख असा मोठा घाणा कोंबला तर माल ड्रमबाहेर सांडतो, आणि सांडतो तो नेमका वरचा, बारीक भाग.

फ्लाय ॲश वजनाला हलकी आहे: घनता साधारण २.२, ओपीसीची ३.१५. किलोला किलो बदलली की पिठाचे आकारमान वाढते, म्हणून वाळू थोडी कमी करावी लागते. ओपीसीचा जुना हिशेब तसाच ठेवून फक्त राख बदलली तर माल चिकट होतो. मग मिस्त्री पाणी वाढवतो आणि ०.४५ चे ०.६० व्हायला वेळ लागत नाही.

तपासणी: वाळूतला ओलावा. रोज सकाळी एक किलो वाळू पत्र्यावर गरम करा. पृष्ठभाग कोरडा होऊन दाणे मोकळे झाले की थांबा आणि वजन करा. ४ टक्के जास्तीचे पाणी निघाले तर १०० किलो वाळूसाठी १०४ किलो ओली वाळू मोजा आणि २२.५ लिटरमधून ४ लिटर वजा करा. मिक्सरमध्ये जाईल फक्त १८.५ लिटर. पावसाळ्यात हा आकडा सकाळी आणि दुपारी वेगळा निघतो, तेव्हा दोनदा करा. खडी अगदी कोरडी आणि तापलेली असेल तर आदल्या संध्याकाळी तिच्यावर पाणी मारून ठेवा, नाहीतर ती मालातले पाणी ओढते.

## टप्पा ४: स्लॅबच्या आधी चाचणी घाणा

कोणत्याही बिनमहत्त्वाच्या जागी, उदाहरणार्थ पायाच्या पीसीसीत (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये), एक पूर्ण घाणा टाकून पाहा. स्लम्प, म्हणजे शंकूच्या साच्यातून काढल्यावर ओला माल किती खचतो ते माप, ७५ ते १०० मिमी मिळाला पाहिजे. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. फार उतरला तर द्रव्य आणि सिमेंटचे जमत नाही.

या घाण्याचे सहा क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) भरा: तीन ७ दिवसांना, तीन २८ दिवसांना. म्हणजे चाचणी स्लॅबच्या किमान महिनाभर आधी व्हायला हवी. हा महिना वाचवायच्या नादात लोक थेट स्लॅबवरच प्रयोग करतात.

७ दिवसांचा आकडा पाहून घाबरू नका. ओपीसीचे काँक्रीट सातव्या दिवशी २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पोचते. ३० टक्के राखेचे काँक्रीट तेव्हा निम्म्याच्या थोडे वर असते. पुढचे अंतर ते नंतर कापते.

## टप्पा ५: सेंट्रिंग आणि कव्हर

इथे दोनच गोष्टी नेहमीपेक्षा वेगळ्या आहेत. पहिली, सेंट्रिंगचे भाडे तीन आठवड्यांचे धरा. कंत्राटदाराशी बोलणी सात दिवसांवर झाली असतील तर टेकू सातव्या दिवशीच निघतील, मग मिश्रण कितीही चांगले असो. करारात दिवस लिहून घ्या.

दुसरी, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. नीट पाणी न मिळालेल्या राखेच्या किंवा स्लॅगच्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत शिरतो आणि सळईचे संरक्षण जाते. म्हणून कव्हरमध्ये तडजोड नको. साध्या हवामानात स्लॅबला २० मिमी, कॉलमला ४०, पायाला ५०. किनाऱ्यावर उघड्या भागाला ४५ मिमी. कव्हर ब्लॉक त्याच काँक्रीटच्या ताकदीचे हवेत, फरशीचे किंवा खडीचे तुकडे नकोत.

तपासणी. माल टाकायच्या आधी टॉर्च घेऊन खालून आणि बाजूने पाहा. सळई फळीला टेकलेली दिसली तर तिथेच थांबा.

## टप्पा ६: मिक्सरमधला क्रम

१. ठरलेल्या पाण्यातले निम्मे पाणी ड्रममध्ये.
२. दोन्ही खडी.
३. फ्लाय ॲश आणि सिमेंट. राख आधी आणि ड्रमच्या तोंडाशी वाकून घाला. उंचावरून टाकली तर वाऱ्याने उडते आणि ड्रमच्या भिंतीला चिकटून बसते.
४. वाळू. ती वरून पडते आणि भुकटी दाबून ठेवते.
५. उरलेल्या पाण्यात द्रव्य मिसळून शेवटी.

सगळे आत गेल्यावर किमान २ मिनिटे फिरवा. आम्ही राखेच्या मालाला ३ मिनिटे सांगतो. राखाडी पट्टे दिसत असतील तर अजून फिरवा. पाण्याच्या डब्यावर त्या दिवशीच्या पाण्याची (वरच्या उदाहरणात १८.५ लिटरची) खूण करून ठेवा आणि मिक्सरजवळचा पाइप बंद करा. पाइप चालू असला की डब्याला अर्थ राहत नाही. सुटी राख हाताळणाऱ्याला मास्क आणि चष्मा द्या. ही धूळ फुप्फुसात खोल जाते.

सावधान. थंडीत माल सावकाश बसतो, विशेषतः नाशिक-नागपूरकडच्या डिसेंबरच्या रात्री. त्यावर उपाय म्हणून क्लोराइड असलेली ‘लवकर घट्ट करणारी’ पावडर घालू नका, त्याने सळई गंजते. अशा दिवसांत राखेचे प्रमाण ३० वरून २० टक्क्यांवर आणा, सकाळी लवकर सुरू करा आणि रात्री स्लॅब झाका.

## टप्पा ७: ओतणे आणि वरचा हात

मिक्सरमधून बाहेर पडलेला माल अर्ध्या तासाच्या आत जागेवर पडला पाहिजे. राखेचा माल गुळगुळीत असतो, व्हायब्रेटरखाली पटकन बसतो. सुई एका जागी ५ ते १० सेकंद पुरे. बुडबुडे थांबले की सावकाश बाहेर काढा. जास्त धरली तर बारीक लगदा वर येतो.

आता नजर वरच्या थरावर ठेवा. ओपीसीच्या स्लॅबवर थोड्या वेळाने पाण्याचा पातळ थर चमकतो आणि तो ओसरला की हात मारायचा, असा मिस्त्रीचा अंदाज असतो. राखेच्या मालावर हे पाणी फार कमी येते. मिस्त्री वाट बघत बसतो, तेवढ्यात वारा आणि ऊन वरचा थर सुकवतात आणि तळहाताच्या रेषांसारख्या बारीक भेगा उमटतात. त्यामुळे समतल केल्याबरोबर तो पट्टा प्लॅस्टिकने झाका, पुढचा पट्टा घ्या, आणि शेवटचा हात मारायला परत येताना प्लॅस्टिक उचला. मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मेमध्ये काम पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवा किंवा संध्याकाळी घ्या.

बोटाने दाबल्यावर ५-६ मिमी खड्डा पडतो पण बोटाला लगदा चिकटत नाही, ती शेवटच्या हाताची वेळ. बारीक भेगा आल्याच असतील आणि माल अजून हलतो आहे तर लाकडी थापीने पुन्हा दाबून बंद करा आणि लगेच झाका.

सावधान. वर पाणी दिसले म्हणून कोरडे सिमेंट भुरभुरू नका, आणि थर सुकला म्हणून पाणी शिंपडून थापी फिरवू नका. पुढे जी भुकटी निघते ती या दोन सवयींमुळे.

## टप्पा ८: पाणी, १४ दिवस

आयएस ४५६ ओपीसीला किमान ७ दिवस पाणी सांगते. मिश्र सिमेंटला किमान १० दिवस आणि कोरड्या, तापत्या हवेत १४. आम्ही सरसकट १४ सांगतो, कारण घरकामात मधले एक-दोन दिवस कोरडे जातातच.

पहिल्या रात्री प्लॅस्टिक तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग घट्ट झाला की पाणी साठवायला आळी बांधा. आळ्यांची माती किंवा कमी सिमेंटचा मसाला स्लॅबवर टाकताना फावडे आपटू नका.

पाण्याचा हिशेब आधीच करा. १,००० चौरस फुटांवर ५ सेंमी पाणी म्हणजे ४,६५० लिटर, जवळपास एक टँकर. कडक उन्हात दिवसाला सेंटिमीटरभर उडते असे धरले तर रोज साधारण ९३० लिटर भर. १४ दिवसांचे मिळून १७-१८ हजार लिटर होतात. जिथे टँकरवर घर बांधले जाते तिथे हा खर्च कुणी धरत नाही, आणि सहाव्या दिवशी आळी कोरडी पडतात. पाणी कमी असेल तर खोली २.५ सेंमी ठेवा. त्याहूनही चांगले म्हणजे ओले गोणपाट पसरून वर प्लॅस्टिक, कडा विटांनी दाबलेल्या. रोज एकदा कोपरा उचलून गोणपाट ओले आहे का ते हाताने पाहा, सुकत असेल तिथेच पाणी सोडा.

पाणी वर साठले तरी बीमच्या बाजू, स्लॅबच्या कडा आणि कॉलम कोरडेच राहतात. कॉलमची फळी काढल्याबरोबर, त्याच तासात, ओले गोणपाट गुंडाळा आणि त्यावरून प्लॅस्टिक बांधा. दिवसातून दोनदा पाइप मारला की काम झाले असे समजू नका. दुपारी एक वाजता कॉलमला हात लावा. कोरडा आणि गरम लागला तर क्युरिंग होत नाही आहे.

स्लॅग सिमेंट वापरले असेल आणि फळी काढल्यावर काँक्रीट निळसर-हिरवे दिसले तर काळजी नको. तो स्लॅगमधल्या गंधकाच्या संयुगांचा रंग आहे. हवा लागली की जातो.

तपासणी. दरवाजाच्या चौकटीवर १ ते १४ आकडे खडूने लिहा. पाणी दिलेल्या दिवसावर, दिल्यानंतरच, काट मारा. पाण्याची जबाबदारी एकाच माणसाला, नावानिशी द्या.

## टप्पा ९: क्यूब आणि टेकू

५ घनमीटरपर्यंतच्या कामाला एक नमुना, १५ पर्यंत दोन, ३० पर्यंत तीन. प्रत्येक नमुन्यात तीन क्यूब. मिश्र सिमेंटच्या कामात आम्ही तीन क्यूब जास्तीचे भरायला लावतो. ते प्रयोगशाळेच्या टाकीत न ठेवता स्लॅबवरच, त्याच आळ्यात ठेवायचे. टेकू काढायचा निर्णय यांच्यावर घ्या. टाकीतले क्यूब माल कसा होता ते सांगतात आणि स्लॅबवरचे क्यूब स्लॅबची अवस्था सांगतात.

१५० मिमीच्या क्यूबवर एम२५ ची २५ न्यूटन प्रति चौरस मिमी ताकद म्हणजे मशीनवर ५६२.५ किलोन्यूटन. अहवालात फक्त ‘पास’ लिहिले असेल तर प्रत्येक क्यूबचा भार मागा. एका नमुन्यातले क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त हटत असतील तर तो नमुना ग्राह्य धरू नका. बहुधा क्यूब नीट भरलेले नसतात.

आयएस ४५६ मधले टेकूचे दिवस ओपीसीसाठी आहेत: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबला ७ दिवस, त्यापुढे १४. ६ मीटरपर्यंतच्या बीमला १४, त्यापुढे २१. इतर सिमेंटसाठी हे दिवस बदलावेत असे मानकच सांगते. पीपीसी किंवा ३० टक्के राखेच्या कामाला आम्ही धरतो ते दिवस:

- कॉलम आणि बीमच्या बाजूच्या फळ्या: ३६ ते ४८ तास, थंडीत पूर्ण दोन दिवस
- ४.५ मीटरपर्यंतचा स्लॅब: १४ दिवस, त्यापुढे २१
- ६ मीटरपर्यंतचे बीम: २१ दिवस, त्यापुढे २८
- छज्जा, बाल्कनी, बाहेर काढलेला कोणताही भाग: सगळ्यांत शेवटी, २८ दिवसांनी

स्लॅबवरचे क्यूब पुरेसे आले आणि इंजिनिअरने लेखी दिले तर यातले काही दिवस कमी होऊ शकतात. मिस्त्रीच्या ‘वाजवून पाहिले, टणक आहे’ वर नाही. टेकू काढताना मधल्या गाळ्यातून सुरू करून आधारांकडे जा. छज्जाला मात्र टोकाकडून भिंतीकडे. आणि खालच्या मजल्याचे टेकू निघाल्यावर वरच्या मजल्याच्या विटा-वाळूचा ढीग स्लॅबच्या मध्यावर रचू नका.

## आरएमसी मागवत असाल तर

आरएमसी म्हणजे प्लँटमध्ये कालवून गाडीने येणारे तयार काँक्रीट. त्या मालात बहुधा फ्लाय ॲश किंवा जीजीबीएस असतेच. घरमालकाला ते माहीत नसते, म्हणून पाणी सात दिवसांत बंद होते. मागणी देतानाच मिक्स डिझाइनचा कागद मागा आणि त्यावर सिमेंट, फ्लाय ॲश, जीजीबीएस किती किलो आहे ते वाचा. सिमेंट पीपीसी लिहिले असेल आणि शेजारी सुटी फ्लाय ॲशही असेल तर टप्पा १ मधला ४९ टक्क्यांचा हिशेब करा आणि प्रश्न विचारा. गाडी आल्यावर चलनावरची निघाल्याची वेळ आणि ग्रेड तपासा, स्लम्प घ्या. माल पंपातून जात नाही म्हणून ड्रायव्हरने टाकीचे पाणी ड्रममध्ये सोडले तर ती गाडी नाकारा. चालेल ते फक्त प्लँटच्या माणसाने मोजून घातलेले द्रव्य.

## प्लॅस्टर आणि बांधकाम

पीपीसी इथे निर्धास्त वापरा. मसाला मऊ लागतो, थापीला नीट बसतो आणि केसासारख्या भेगा कमी पडतात. पाणी मात्र इथेही किमान १० दिवस, आणि उन्हाकडच्या, पश्चिमेच्या भिंतीला गोणपाट किंवा शेडनेट लावून. कोरडा मसाला सकाळी एकदम कालवून ठेवला तरी पाणी तासाभरात संपेल तेवढ्यालाच घाला. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेला मसाला पाणी घालून पुन्हा मऊ करता येतो, पण भिंतीवर तो धरत नाही. तो भरावात टाका.